रात्री ११.४० चा राजीनामा

अमेरिकेतल्या एका छोट्या शहरातल्या महाराष्ट्र मंडळाचं हे प्रकरण. मंडळाचं नाव लिहीत नाही, माणसांचीही नाही. हुद्द्यांवर काम भागतं. नव्वदेक कुटुंबं, नऊ जणांची कार्यकारिणी, वर्षाला चार कार्यक्रम आणि त्यातला गणपती सगळ्यात मोठा. मी तिथे दोन वर्षं सचिव होतो, मग सुटलो. सुटलो म्हणजे मुदत संपली. राजीनामा दिला नव्हता, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

गणपतीला पाच आठवडे होते. वाद नेहमीप्रमाणे महाप्रसादावरून. खजिनदारांनी एका केटररला तोंडी होकार देऊन टाकला होता; अध्यक्षांचं म्हणणं, निदान तीन ठिकाणचे दर मागवा. मंगळवारी रात्री कार्यकारिणीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर बाचाबाची सुरू झाली. ती मसालेभात की पुलाव यावर घसरली, तिथून ‘मंडळ काय कुणाच्या घरचं आहे का’ इथवर पोचली आणि ११.४० ला अध्यक्षांनी लिहिलं : ‘बास झालं. आजपासून मी अध्यक्ष नाही. राजीनामा समजा. तुमचं मंडळ तुम्ही सांभाळा.’

पुढचे तीन दिवस नीट लक्षात ठेवावे लागतील, कारण सगळा निकाल वेळेवर फिरतो.

बुधवारी सकाळी उपाध्यक्ष ताईंनी हात जोडल्याची खूण टाकून लिहिलं, ‘तुमच्या निर्णयाचा आदर आहे, दादा.’ त्याच सकाळी दहा वाजता अध्यक्ष शाळेत जाऊन हॉलच्या डिपॉझिटचा चेक देऊन आले. चेकवर दोन सह्या लागतात. खजिनदारांची आदल्या आठवड्यातच झालेली होती, अध्यक्षांनी आपली त्या सकाळी केली. रात्री ‘मी अध्यक्ष नाही’ म्हणणाऱ्या माणसानं सकाळी अध्यक्ष म्हणून सही का केली, असं मी नंतर विचारलं. ‘हॉल गेला असता ना,’ एवढंच उत्तर मिळालं.

बुधवारी दुपारी ताईंनी सगळ्या सभासदांना मेल पाठवून आपण अध्यक्षपद सांभाळत असल्याचं कळवलं. ‘राजीनामा स्वीकारणे’ या एकाच विषयासाठी गुरुवारी रात्री आठला झूमवर कार्यकारिणीची बैठक लावली. तीन सदस्यांच्या मागणीवरून, २४ तासांच्या नोटिशीनं. बोलावणं नियमात बसत होतं, ते ताईंच्या बाजूनं नोंदवायला हवं.

गुरुवारी दुपारी चार वाजता अध्यक्षांनी ग्रुपवरचा तो मेसेज पुसला आणि सचिवांना मेल केली : रागाच्या भरात लिहिलं, राजीनामा मागे घेतो. सचिवांनी ती मेल वाचली, पण रात्रीच्या बैठकीत वाचून दाखवली नाही. बैठकीला नऊपैकी पाच जण, म्हणजे गणपूर्ती जेमतेम. पाचांनी राजीनामा स्वीकारला. लगेच, ‘आता ताई अध्यक्ष झाल्या, मग उपाध्यक्ष कोण?’ असं म्हणत आपल्यातल्याच एका तरुण सदस्याला उपाध्यक्ष निवडून बैठक संपवली. शुक्रवारी खजिनदारांनी बँकेला हॉलचा चेक थांबवायला सांगितलं. मंडळाला आता दोन अध्यक्ष होते, दोन उपाध्यक्ष होते आणि हॉल नव्हता.

शुक्रवारी संध्याकाळी ताईंचा फोन आला. ‘काका, तुमच्याकडे ते रॉबर्टचं पुस्तक आहे ना? रविवारी घेऊन याल का?’

पुस्तक न्यायचं होतंच, पण मी आधी ते उघडलं नाही. अशा भांडणात लोक थेट ‘रॉबर्ट्स रूल्स ऑफ ऑर्डर’ हे सभा चालवण्याच्या नियमांचं पुस्तक गाठतात आणि तिथेच चुकतात. उतरंड अशी : सगळ्यात वर कायदा, मग संस्थेची सनद आणि घटना (आमच्याकडे सगळे ‘बायलॉज’ म्हणतात), मग संस्थेनं स्वतः केलेले विशेष नियम, आणि त्याखाली रॉबर्ट. घटनेत ‘जिथे हे नियम गप्प आहेत तिथे रॉबर्ट्स रूल्स लागू’ अशी ओळ असते म्हणून पुस्तकाला वजन. ती ओळ नसेल तर पुस्तक म्हणजे शहाण्या माणसाचा सल्ला, त्याहून जास्त काही नाही.

तर आधी कायदा. आमचं मंडळ राज्याकडे कॉर्पोरेशन म्हणून नोंदलेलं नव्हतं. साधी सभासदांची संघटना होती. हा फरक वकिली वाटेल, पण प्रकरणाचा जीव त्यात आहे. अमेरिकेत ना-नफा कॉर्पोरेशनसाठी १९८७ चा एक सुधारित नमुना कायदा आहे आणि अनेक राज्यांचे कायदे त्या वळणाचे आहेत. त्यात पदाधिकाऱ्याचा राजीनामा ही नुसती सूचना असते : संस्थेला नोटीस पोचली की राजीनामा लागू, नोटिशीतच पुढची तारीख दिली असेल तर त्या तारखेला. स्वीकारायचा प्रश्नच नाही. मंडळ अशा राज्यात नोंदलेलं असतं, तर भांडण फक्त व्हॉट्सअॅपचा मेसेज ही ‘नोटीस’ होते का एवढ्यावर उरलं असतं, आणि होते असं ठरलं असतं तर गुरुवारच्या मेलला काडीची किंमत नव्हती. आपल्याकडे कंपनीच्या संचालकाचं जवळपास असंच आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १६८ प्रमाणे राजीनाम्याची नोटीस कंपनीला मिळाली ती तारीख किंवा नोटिशीत लिहिलेली तारीख, यातली जी नंतरची ती खरी.

आता घटना. आमच्या घटनेत राजीनाम्याबद्दल चकार शब्द नव्हता. पदाधिकाऱ्यांची निवड मार्चमधल्या वार्षिक सभेत, मुदत दोन वर्षं, आणि दोन सभांच्या मधल्या काळात मंडळाच्या कारभाराचे ‘संपूर्ण अधिकार’ कार्यकारिणीला. शेवटच्या पानावर रॉबर्टचं नाव. आता पुस्तक उघडायला हरकत नव्हती.

हेन्री मार्टिन रॉबर्ट हा अमेरिकी लष्करातला इंजिनिअर. १८६३ मध्ये न्यू बेडफर्डमध्ये एका चर्चच्या सभेचं अध्यक्षपद त्याच्या गळ्यात पडलं, सभा हाताबाहेर गेली आणि गडी शरमला. त्या शरमेतून १८७६ मध्ये पुस्तक निघालं. २०२० ची बारावी आवृत्ती सध्याची. माझ्या प्रतीला राजीनाम्याच्या पानावर चहाचा डाग आहे. यावरून काय ते ओळखा.

त्या पुस्तकात राजीनामा ‘कर्तव्यातून मुक्त करण्याची विनंती’ या सदराखाली येतो. मराठी माणसाला हे पचायला जड जातं. आपण राजीनामा ‘देतो’, किंवा चिडलो तर तोंडावर ‘फेकतो’. दिला म्हणजे दिला, घेणाऱ्यानं घेतला की नाही हा त्याचा प्रश्न. रॉबर्टच्या लेखी मात्र तुम्ही निवडणुकीत उभे राहून एक काम अंगावर घेतलंत. ते उतरवायचं तर ज्यांनी दिलं त्यांची परवानगी मागा. परवानगी साध्या बहुमतानं मिळते, त्यावर चर्चा होऊ शकते. आणि परवानगी मिळेपर्यंत, निदान ती मिळायला वाजवी संधी मिळेपर्यंत, काम टाकून जायचं नाही.

‘म्हणजे काय, जबरदस्ती?’ रविवारी खजिनदारांनी विचारलंच. तसं नाही. ‘वाजवी संधी’ हे शब्द त्यासाठीच आहेत. संस्था राजीनाम्यावर महिनोन् महिने बसून राहिली तर माणूस मोकळाच, कुणाला खुर्चीला बांधून ठेवता येत नाही. पण एका रात्रीतून सकाळ व्हायच्या आत पद रिकामं होत नाही, मेसेजमध्ये ‘आजपासून’ लिहिलं असलं तरी.

मग तो मेसेज मुळात राजीनामा होता का? इथे माझं मत अध्यक्षांच्या विरुद्ध आहे आणि ते मी त्याला तोंडावर सांगितलं. राजीनामा लेखी द्यायचा तर तो सचिवाकडे किंवा नेमणाऱ्याकडे द्यायचा. नाहीतर बैठकीत तोंडी दिला तरी चालतो. व्हॉट्सअॅप ग्रुप ही बैठक नव्हे, हे पक्कं. लिहून लिहून चालणाऱ्या चर्चेला रॉबर्ट सभा मानत नाही. पण लिखाण ते लिखाणच. सचिव ग्रुपवर होते, त्यांनी वाचलं होतं, आणि ‘राजीनामा समजा’ याहून सरळ मराठी कुठली? अध्यक्षांची बाजू घेणारे म्हणत होते की रागातलं बोलणं धरायचं नसतं. मी ते मान्य केलं नाही. उद्या रागातला आणि थंड डोक्याचा असे दोन प्रकारचे राजीनामे वेगळे काढायचे कुणी? मंगळवारी रात्री मंडळाच्या हातात एक विनंती आली, असंच मी धरलं.

पण विनंतीच. आणि विनंती करणाऱ्याला ती मागेही घेता येते. कुठपर्यंत? बैठक चालवणारा ती सदस्यांपुढे निर्णयासाठी मांडेपर्यंत. तोवर ती त्याची एकट्याची असते, कुणाला न विचारता परत घ्यावी. एकदा मांडली की ती सभेची झाली, मग सभेच्या परवानगीशिवाय परत नाही. मेसेज पुसला म्हणजे विनंती मागे घेतली असं मी मानलं नसतं. पुसलेल्या मेसेजचा अर्थ दहा जण दहा लावतात, आणि एव्हाना स्क्रीनशॉट चार घरांत पोचला होता. पण चार वाजताची मेल स्वच्छ होती. बैठक आठची. म्हणजे रात्री पाच जणांनी जे स्वीकारलं ते स्वीकारायला शिल्लकच नव्हतं.

मेल चारऐवजी रात्री नऊला आली असती तर निकाल बरोबर उलटा लागला असता. अध्यक्ष गेले असते, ताई अध्यक्ष झाल्या असत्या, आणि मी ते त्याच ठामपणे सांगितलं असतं. ‘लोकांच्या भावना’, ‘मंडळाचं हित’ वगैरे या हिशेबात येत नाहीत. हे मला आवडतं असं नाही, पण त्यामुळेच ते चालतं.

महाराष्ट्रातल्या वाचकांना एक उदाहरण आठवेलच, आमच्या बैठकीतही कुणीतरी ते काढलं. २ मे २०२३ ला शरद पवारांनी मुंबईत एका कार्यक्रमात राष्ट्रवादी काँग्रेसचं अध्यक्षपद सोडत असल्याचं जाहीर केलं, ५ मे रोजी पक्षाच्या समितीनं ठराव करून राजीनामा नामंजूर केला आणि त्याच दिवशी त्यांनी निर्णय मागे घेतला. राजकीय पक्षाला रॉबर्ट लागू नाही, त्यामुळे दाखला म्हणून ते चालणार नाही. पण मधले तीन दिवस पक्षाला अध्यक्ष होता की नव्हता, हा प्रश्न तोच. खासदार-आमदारांबाबत तर तो भारताच्या राज्यघटनेतच सोडवावा लागला. १९७४ च्या तेहेतिसाव्या दुरुस्तीनं राजीनामा सभागृहाच्या अध्यक्षांनी किंवा सभापतींनी स्वीकारण्याची अट आली, आणि तो स्वेच्छेचा किंवा खरा नाही असं चौकशीअंती वाटलं तर न स्वीकारण्याची मुभाही. कारण त्या काळात आमदारांवर दबाव आणून राजीनामे लिहून घेतले जात होते. स्वीकारण्याची पायरी कधी कधी राजीनामा देणाऱ्याच्याच रक्षणासाठी असते, ती अशी.

रविवारी वाचनालयातली खोली घेतली होती. नऊच्या नऊ हजर. पहिला घोळ : बैठक चालवणार कोण? अध्यक्षांचाच विषय, त्यांनी बसणं शोभत नाही. ताईंचाही तोच विषय. दोघांनी खुर्ची सोडली. मी कार्यकारिणीत नव्हतो, पण दोघांची हरकत नव्हती, त्यामुळे साध्या बहुमतानं मला बसवलं. समोर थर्मास, पार्ले-जी आणि सचिवांचा लॅपटॉप.

एका सदस्यानं हरकतीचा मुद्दा घेतला की गुरुवारचे दोन्ही निर्णय रद्दबातल आहेत. मी तो मान्य केला. पहिल्याची कारणं वर आलीच. दुसरा निर्णय, म्हणजे नव्या उपाध्यक्षाची निवड, पहिला खरा धरला असता तरी टिकत नव्हता. रिकामी जागा भरायची तर ज्यांनी निवडायचं त्या सगळ्यांना त्याची नोटीस आधी द्यावी लागते. गुरुवारच्या नोटिशीत फक्त राजीनाम्याचा विषय होता. जे चार जण आले नाहीत त्यांना उपाध्यक्ष निवडला जाणार आहे हे कळायला मार्गच नव्हता, आणि गैरहजरांचं रक्षण करणारा नियम मोडून केलेली कृती कितीही जणांनी केली तरी शून्य.

कार्यकारिणीला राजीनामा स्वीकारायचा अधिकारच नव्हता, असाही एक मुद्दा अध्यक्षांच्या गोटातून आला. सभासदांनी निवडलेल्याला सभासदांनीच मोकळं करायचं. तत्त्व बरोबर आहे : ज्याला निवडायचा अधिकार त्यालाच राजीनामा स्वीकारायचा आणि जागा भरायचा. पण सभांच्या मधल्या काळात सगळे अधिकार कार्यकारिणीला दिले असतील आणि जागा भरण्याचा हक्क सभासदांनी स्वतःकडे राखून ठेवलेला नसेल, तर कार्यकारिणी दोन्ही करू शकते. आमच्या घटनेत तो राखून ठेवलेला नव्हता. मी तो मुद्दा फेटाळला. दोन्हीकडून शिव्या खायची तयारी असल्याशिवाय त्या खुर्चीत बसू नये.

चेकबद्दल फार बोलावं लागलं नाही. बुधवारी सकाळी ते अध्यक्ष होतेच, सही चालू. खजिनदारांनी सोमवारी बँकेला चेक सोडायला सांगितलं. थांबवण्याचे तीस डॉलर तेवढे बँकेनं घेतले.

माझ्या निर्णयावर नव्या उपाध्यक्षानं अपील केलं. बिचाऱ्याचं तीन दिवसांचं पद जात होतं. डझनभराच्या आतल्या कार्यकारिणीत अनुमोदन लागत नाही, त्यामुळे थेट चर्चा आणि मग हात वर. अध्यक्षांनी स्वतःहून मत दिलं नाही. निर्णय कायम ठेवा म्हणणारे चार, फिरवा म्हणणारे चार.

खोलीत सगळे माझ्याकडे बघायला लागले. अपिलात समसमान मतं पडली तर निर्णय कायम राहतो, तो फिरवायला बहुमत लागतं. मी तसं सांगितलं. ताई उठल्या, पार्ले-जीचा पुडा अध्यक्षांपुढे सरकवला आणि म्हणाल्या, ‘दादा, मग मी सगळ्या गावाला मेल पाठवली त्याचं काय करायचं?’ त्यांचा प्रश्न खरा होता. त्यांनी कट वगैरे काही केला नव्हता. अध्यक्षाची जागा रिकामी झाली की उपाध्यक्ष आपोआप अध्यक्ष होतो, हे त्यांनी बरोबर वाचलं होतं. जागा रिकामी कधी होते, ते पान राहिलं होतं. दुरुस्तीची मेल शेवटी दोघांच्या नावानं गेली.

गणपती झाला. जेवणात मसालेभात होता.

ऑक्टोबरात अध्यक्षांनी खरोखर राजीनामा दिला. या वेळी कागदावर, तारीख घालून, सचिवांच्या हातात. कारण घरचं होतं, भांडण नव्हतं. सचिवांनी आठवडाभर आधी नोटीस काढली आणि त्यात दोन्ही विषय घातले : राजीनामा, आणि त्यामुळे रिकामी होणारी उपाध्यक्षाची जागा. अध्यक्षाची नव्हे, उपाध्यक्षाची. हे लोकांच्या डोक्यात बसत नाही. राजीनामा बहुमतानं स्वीकारला त्या क्षणी ताई अध्यक्ष झाल्या, मतदान नाही, शपथ नाही. ‘आधी त्यांना विचारा तरी, हवंय का,’ कुणी म्हणालं. विचारायचं नसतं. उपाध्यक्षाला अध्यक्ष व्हायला नकार देता येत नाही. नको असेल तर उपाध्यक्षपदच सोडावं लागतं. मग रिकाम्या जागेवर निवड झाली, आणि गंमत म्हणजे गुरुवारचा तो तरुणच निवडून आला. या वेळी आठ मतांनी.

दहा दिवसांनी रात्री फोन. ‘अरे, घरचं जमलंय सगळं. मागे घेता येईल का?’

‘आता नाही. स्वीकारला गेला, आणि तू समोर बसला होतास. तो ठराव आता रद्दही करता येत नाही. मार्चमध्ये उभा राहा.’

‘सगळ्यांची इच्छा असली तरी?’

‘तरी.’

रविवारी तो स्टोरेजची चावी, समईचं खोकं आणि जुनं चेकबुक माझ्याकडे ठेवून गेला, ताईंना द्यायला. जाता जाता चेकबुक उघडून शाळेच्या चेकची कार्बन प्रत दाखवली. बुधवारची तारीख, खाली त्याची सही.

‘ही चालली होती ना?’

‘चालली होती,’ म्हटलं.